न्हाणीच्या भिंतीतली दोन भोकं

गीझर बसवायला आलेल्या नदीमने न्हाणीच्या भिंतीला दुसरं आरपार भोक पाडलं आणि लाईट गेली.

"झाला! काकी, आता करंट इल्याशिवाय काय होणा नाय," असं म्हणत तो स्टुलावरून उतरला.

राधाबाईंना घाई नव्हती. बत्तीस वर्षं त्या याच न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण ठेवून, नारळाची सोडणं जाळून घराचं अंघोळीचं पाणी तापवत आल्या होत्या. गेल्या वर्षी दोनदा दम लागून इस्पितळात राहिल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आता धूर बंद. म्हणून पणजीला नर्स असलेल्या लेकीने, तन्वीने, टाकी नसलेला गीझर पाठवला. नळ सोडला की लगेच गरम पाणी. खोकं आठ दिवस पडवीत पडून होतं. "विचार करतंय," असं त्यांचा नवरा, गुरुदास, रोज म्हणायचा. पर्यटकांच्या तीनपैकी दोन खोल्यांत गीझर बसवताना या गृहस्थाने एक दुपारही विचार केला नव्हता. बायकोच्या छातीचा प्रश्न आला, तेव्हा मात्र त्याला विचार सुचला. शेवटी तन्वी फोनवर रडली, तेव्हा कुठे नदीमला बोलावणं गेलं.

एवढ्यात खोलीतली पुण्याची बाई मुलीला घेऊन मागच्या दारी आली. दोघी समुद्रावरून आल्या होत्या. पोरीचे ओठ निळे पडले होते.

"मावशी, गीझर बंद आहे. थोडं गरम पाणी मिळेल का?"

नाही म्हणायला काय हरकत होती? पण दारात कुडकुडणारं पोर बघून नाही म्हणणं राधाबाईंना उभ्या जन्मात जमलं नाही. त्यांनी पदर नाकाला बांधला, चूल पेटवली, भाणात निरगुडीचा पाला टाकला आणि पोरीला दगडावर बसवून तांब्याने सावकाश न्हाऊ घातलं. मधे दोनदा बाहेर जाऊन खोकून आल्या. पोरगी खिदळायला लागली. आईने व्हिडिओ काढला.

"असं पाणी हॉटेलात कुठे मिळणार हो! आमच्या सगळ्या ग्रुपला सांगते."

गुरुदास पडवीत उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा असा खुलला, की राधाबाई तांब्या हातात धरूनच त्याच्याकडे बघू लागल्या.

"नदीम, रव जरा," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "आयकलंस मा गो? ह्या भाणाक गिऱ्हाईक आसा. हय ह्यो पांढरो डबो लावन सगळी शोभा जातली. बोर्ड लावया, चुलीवरच्या पाण्याची आंघोळ."

"आणि माजो दम?"

"माणसां काय रोज येतत? येतली तेवाच पेटव."

"गीझर तन्वीन माका धाडल्यान."

"फुकट जाता काय तो? तिसरे खोलयेत लावया. तन्वीक सांग, लावलो म्हणान."

हातातला तांब्या त्याच्या टाळक्यात घालावा, असं राधाबाईंना मनापासून वाटलं. पण पुण्याची बाई समोर हसत उभी होती, आणि पाहुण्यांसमोर आवाज चढवायचा नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम. त्यांनी तांब्या दगडावर ठेवला. स्वतःच्याच हातांनी आपण आपला गीझर घालवला, हे त्यांना कळत होतं आणि तेच जास्त जाळत होतं.

लाईट आली. नदीम मान खाली घालून खोकं तिसऱ्या खोलीत घेऊन गेला. संध्याकाळी ग्रुपमधली आणखी चार माणसं अंघोळीला यायची ठरली. राधाबाईंनी पुन्हा चूल पेटवली, तोच फोन वाजला.

"आये, लावलो गीझर?" तन्वीने विचारलं.

"लावलो." त्यांनी फोन लांब धरला, पदरात खोकून घेतलं आणि पुन्हा कानाला लावला.

"पाणी बरा तापता मा?"

"झकास तापता. तू जेवलंस?"

फोन ठेवून त्या वळल्या, तर नदीम कालवलेलं सिमेंट घेऊन दारात उभा होता.

"काकी, तेवडी भोकां बुजवन जातंय."

राधाबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग एक सोडण उचलून चुलीत सारलं.

"रवांदे रे. धूर तरी भायर जायत."

थोडा धूर त्या दोन भोकांतून जाऊ लागला होता. बाकीचा आतच होता.