बंद करायची खाती

केंद्राचा निधी राज्याच्या नोंदणी कार्यालयात आला तो सायबर सुरक्षेसाठी, आणि सरकारी पैसा अटींशिवाय येतो थोडाच! पहिलीच अट अशी, की जी माणसं निवृत्त झाली किंवा वारली, त्यांची संगणकावरची खाती शुक्रवारी पाचच्या आत बंद करा; नाहीतर पुढचा हप्ता विसरा. साहेबांनी एकतीस नावांची यादी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली आणि काढता पाय घेतला.

मोठ्या बाई मृत्यू नोंदणी विभागाच्या प्रमुख. राज्यात कोण गेलं याची खबर आधी त्यांना, पण स्वतःच्या कार्यालयातल्या मेलेल्यांची खाती मात्र जिवंत. नव्या माणसाला मंजुरीचे अधिकार मिळायला सहा महिने लागायचे. मग गेलेल्याच्या नावानेच काम उरकायचं आणि त्याचा पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवून ठेवायचा, ही इथली रीत. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

यादीत सतरावं नाव बाईंच्या नवऱ्याचं होतं. शेजारच्याच विभागात होते ते. जाऊन दोन वर्षं झाली.

आणि हे खातं बोलायचं. आठ महिन्यांपूर्वी, भर दुपारी, कार्यालयाच्या निरोपांच्या चौकटीत अक्षरं उमटली होती, "अगं, चहा झाला का?" बोंब मारायला हवी होती, हे बाईंना तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी लिहिलं, "झाला. तुमचा?"

तेव्हापासून रोज. ते विचारत, बाई सांगत. लेकीचं सासरचं, गुडघ्याचं दुखणं, आणि मधेच कोणते साहेब रजेवर आहेत, नवा पासवर्ड काय ठेवलाय. बायकोपासून काय लपवायचं, असं हे नेहमी म्हणत. मग नवऱ्यापासून तरी काय लपवायचं?

निधीबरोबर आलेल्या तपासनिसाने शुक्रवारी सकाळी सरळच सांगितलं. "बाहेरचा कुणीतरी तुमच्या या जुन्या खात्यांत येऊन बसलाय, बाई. जुन्या मेल वाचून माणसाची बोलायची ढबसुद्धा उचलतात हो हे लोक."

"अगबाई," एवढंच बाई म्हणाल्या.

तीन वाजता त्या सतराव्या नावावर आल्या. लगेच चौकट उघडली. "अगं, मला बंद करतेस?"

बाईंनी ठरवलं, एकदाच विचारायचं. शेवटच्या दिवशी इस्पितळात हे म्हणाले होते, "घरी जा आता, दमलीस." बाई घरी गेल्या, आणि तासाभरात सगळं संपलं. हे त्यांनी आजवर लेकीलाही सांगितलं नव्हतं, या चौकटीत तर नाहीच.

"शेवटी मला काय म्हणाला होतात?" त्यांनी लिहिलं.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "तूच सांग ना."

आठ महिन्यांत या माणसाने आपणहून एकही आठवण सांगितली नव्हती. जे होतं ते बाईंनीच भरवलेलं. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. यादीवर बरोबरची खूण केली आणि नाक पुसलं.

तोच चौकट पुन्हा उघडली. या वेळी नाव वारलेल्या ड्रायव्हरचं. "अगं, सांगितलं नाहीस. काय म्हणालो होतो?"

बाईंनी तेही खातं बंद केलं. मग निवृत्त शिपायाच्या नावाने आलं, मग टंकलेखिकेच्या. "अगं, अंधार वाटतो इथे." "अगं, रागावलीस का?" एकेक खातं मिटत गेलं आणि प्रत्येक वेळी बाई नव्याने विधवा झाल्या. पावणेपाचपर्यंत तीस खाती बंद झाली.

शेवटचं एक खातं उरलं. त्यातून फक्त एक शब्द आला, "अगं."

बाई वाट बघत राहिल्या. पुढे काहीच येईना. हाही गेला की मग कुणीच अशी हाक मारणार नाही, आणि ती एक गोष्ट सांगायची तशीच राहून जाईल, हे त्यांना सहन होईना.

"झालं का, बाई?" दारातून तपासनिसाने विचारलं. "पाचला अहवाल पाठवायचाय."

"झालं. एकतीसच्या एकतीस," बाईंनी यादी पुढे केली.

तो गेल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. डोळे भरून आले होते, अक्षरं नीट दिसत नव्हती. "तुम्ही जा म्हणालात म्हणून मी घरी गेले हो," त्यांनी लिहिलं. "नाहीतर गेले नसते. मला माफ करा."

या वेळी उत्तर चटकन आलं.

"कुठलं घर? पत्ता सांग."

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि पत्ता लिहायला घेतला.