जास्तीचं औषध

बेसिनच्या कारखान्यात माती कालवायची तिची जागा अजून कच्चीच होती. पक्की झाली तर कायमची दिवसपाळी. नाहीतर परत पॅकिंग आणि रात्रपाळ्या. घरी अंगावर पिणारी लेक.

त्या सकाळी टाकीतली माती दह्यासारखी धरली होती. साचे ताटकळत होते. तिने औषध घातलं. मातीचे कण एकमेकांना बिलगले की माती हटून बसते. औषधाने ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी न वाढवताच माती वाहू लागते. वाहिलीही. पण नळाशी जरा अडखळतेय असं वाटलं. तेवढ्यात नणंदेचा फोन आला, पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्या जिवाच्या घालमेलीत तिने आणखी एक मग ओतला.

माती पुन्हा घट्ट.

हात परत मगाकडे गेला. साचे भरणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, “अगं, रुसलेल्याची किती मनधरणी करशील? जास्त केली की आणखी फुगतं.”

ती थबकली. टाकीतली माती दोन पेल्यांत काढली. एकात औषधाचे थेंब, दुसऱ्यात औषध न घातलेली कालवलेली माती. पहिला पेला गोठल्यासारखा झाला, दुसरा सरसर सांडला. म्हणजे औषधच जास्त झालं होतं. लोटालोटीचा जोर मोडून कण पुन्हा गळ्यात गळे घालून बसले होते.

मुकादम आले. माती जुनी दिसतेय, पाणी सोडा, म्हणाले. मान हलवली असती तरी भागलं असतं. त्या पाण्याने बेसिनं पुढे वाळताना तडकली असती, आणि तिच्याकडे कुणी बोटही दाखवलं नसतं.

“पाणी नको. माती चांगली आहे, औषध माझ्या हातून जास्त पडलंय.”

“मग आता?”

“अर्धी टाकी काढून ठेवते, वरून बिनऔषधाची माती घालते. दुपारपर्यंत थांबा.”

मुकादमांनी रिकाम्या साच्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि निघून गेले.

माती घालून झाल्यावर नुसतं ढवळत राहायचं होतं. तेच जड गेलं. दुधाने छाती दाटून आली होती, हात मगाकडे जायला शिवशिवत होते.

दुपारी मुकादमांनी स्वतः ढवळायचं वल्हं टाकीतून वर उचललं. मातीची धार तुटली नाही. साचे भरा, असं त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, आणि तिला म्हणाले, “पॅकिंगवाल्यांना कळवतो, तू येत नाहीस म्हणून. आणि तो औषधाचा मग जरा लांब ठेवत जा.”

तिने दाराआड जाऊन नणंदेला फोन लावला. पोरीच्या कानाला धरा, म्हणाली. पलीकडे रडणं चालूच होतं.

“संध्याकाळी येते गं बाळा,” ती म्हणाली. “आता रोज संध्याकाळी येणार.”