पहिला नकार

“वारा ठीक आहे असं तोच म्हणाला, एवढंच चौकशीत सांगायचं वहिनी,” बलून कंपनीचे मालक खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “कंपनीची ही खोली तुमचीच राहील. जीपची नोकरीही तुमचीच.”

तिनं त्यांच्यापुढचा भरलेला कप उचलला आणि चहा बेसिनमध्ये ओतला. मालक काय ते समजले.

तिचा नवरा त्या कंपनीचा पायलट. तो प्रवाशांना घेऊन वर जायचा आणि ती खालून जीप पळवत बलूनच्या मागे राहायची, उतरेल तिथून सगळ्यांना परत आणायची. “नवरा हवेत, बायको जमिनीवर!” लोक चेष्टा करायचे. “कुणीतरी नको का?” ती म्हणायची.

त्या दिवशी उतरता उतरता वाऱ्यानं बलून विजेच्या तारांवर फेकला. नवरा गेला. एक निवृत्त शिक्षिका गेल्या. बाकीचे वाचले. तिनं सगळं जीपच्या काचेतून पाहिलं.

चौकशीला शिक्षिकेचा मुलगाही आला होता. त्यानं फोन करून तिच्या नवऱ्याला खुनी म्हटलं होतं.

“उड्डाणाचा निर्णय कोणाचा?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“हे आधी नाहीच म्हणाले. वारा वाढतोय, आज नको, म्हणाले. मी शेजारीच उभी होते. मालक म्हणाले, पाहुणे ताटकळलेत. भीती वाटत असेल तर उद्यापासून घरी बस, पायलट पायलीचे पन्नास मिळतात.”

मालकांचे वकील उठले. “हातपाय बांधून तर चढवलं नव्हतं? पुन्हा नाही म्हणू शकत होते ना ते?”

भांडी घासताना, केस विंचरताना ती याच प्रश्नाशी भांडत आली होती.

“म्हणू शकत होते,” ती म्हणाली. “म्हणायलाच हवं होतं. गप्प बसले. ती चूक ह्यांची, लिहा. पण पहिला नकार ज्यांनी गिळायला लावला, त्यांचंही लिहा. मेलेल्याला तोंड नसतं म्हणून सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडाल, तर मी फोडू देणार नाही.”

बाहेर जिन्यात शिक्षिकेच्या मुलानं तिला गाठलं.

“तुम्ही त्यांची चूक लपवाल असं वाटलं होतं. राग धरणं सोपं गेलं असतं.”

“धरा की राग. आई गेलीय तुमची.”

तो तिच्याबरोबर खालपर्यंत आला.

अहवालात पायलट आणि मालक, दोघांच्याही चुका आल्या. कंपनीचा परवाना गेला. पायलट एकदा नाही म्हणाला की उड्डाण रद्द, असा नियम झाला. तोवर तिची खोलीही गेली होती.

पाण्याच्या टँकरवर ती रुजू झाली, तेव्हा मुकादमानं सहज विचारलं, “मिस्टर काय करतात?”

“बलून उडवायचे.”

“म्हणजे... तो पडला, त्यातले?”

“हो. तेच.”

मुकादमच दुसरीकडे बघू लागला. तिनं सीट आपल्या उंचीला पुढे ओढली. टँकर काठोकाठ भरलेला होता. पहिल्याच चढाला इंजिन कण्हलं. तिनं गिअर बदलला आणि गाडी वर काढली.