भागिरथाचा हात

भागिरथा मावशीचा जळफळाट झाला तो एका मशीनपायी. मशीनवर कुणी जळतं का, म्हणाल; पण ती जळत होती बाई, पार आतून!

वाशीमच्या त्या दवाखान्यातली ऑपरेशनची खोली तिनं बावीस वर्षं सांभाळली. भूल दिली की अंग आपली ऊब धरून ठेवत नाही. पेशंट शुद्धीवर यायचा तो दात वाजवत. मग भागिरथा दोन ब्लँकेटं टाकायची, तळवे चोळायची, हात धरून बसायची. "मावशी, जाऊ नको वं," म्हणत मोठमोठी माणसं तिला बिलगायची.

आणि आलं ते गरम हवेचं मशीन. ते चालवायला नीलिमा सिस्टर, कालची पोरगी! पेशंटवर कागदी रजई घालायची, नळीनं तिच्यात गरम हवा सोडायची. आता पेशंट जागे होऊन खुशाल मोबाइल मागायचे. भागिरथाला कोण विचारतो! डॉक्टरांच्या तोंडी उठता-बसता नीलिमा. भागिरथाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या मंगळवारी केनवडची रुख्मिणी टेबलावर होती. पोटाचं मोठं ऑपरेशन. बादली सरकवायच्या निमित्तानं भागिरथा वाकली आणि हिरव्या कापडाखाली हात घालून तिनं रजईची नळी ओढून काढली. मशीन घुरघुरत राहिलं, हवा सगळी फरशीवर.

रुख्मिणीच्या तापमानाचा आकडा सदतीसवरून उतरत उतरत पस्तिसावर आला. नीलिमानं मशीन वाढवलं, गरम सलाइन लावलं, घामाघूम झाली.

"लक्ष कुठं आहे तुझं?" डॉक्टर ओरडले.

भागिरथाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाहेर आणल्यावर रुख्मिणी थडथडा उडत होती. भागिरथानं धावत जाऊन हात धरला, तो तिनं गच्च आवळला.

"माय वं, टाके तुटून राह्यले... सोडू नको मले!"

हुडहुडीच्या प्रत्येक झटक्याला ती कळवळत होती. इतकी वर्षं भागिरथानं हे दुखणं शांत केलं होतं. आज तिनंच ते दिलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

नीलिमा डोळे पुसत जवळ आली. "मावशी, मले शिकवा ना तुमच्यावानी. मह्याच्यानं काईच जमलं नाई."

"तुयं काई चुकलं नाई, पोरी," भागिरथा कशीबशी म्हणाली. "नळी म्याच काढली."

नीलिमानं रुख्मिणीची बोटं भागिरथाच्या हातातून एकेक करून सोडवली आणि स्वतःच्या हातात घेतली.