पितळी पत्त्यांचा बाजा

“हलका देऊ नोको शेठ, जलमभर टिकला पायजे,” दसरू म्हणाला. चांद्याच्या दुकानदाराने तोंडाने वाजवायचे चार बाजे पुढे मांडले. दसरूचा डोळा लाल रंगाच्या बाज्यावर होता. मीच मधे पडलो. आमच्या लाकूड डेपोचा मी मुनशी, तो चौकीदार. चार बुकं शिकल्याची घमेंड मला होतीच.

“रंगावर जाऊ नकोस. आत सूर काढणाऱ्या पितळी पत्त्यांचा, स्क्रूने उघडणारा घे,” मी म्हणालो. वर सल्ला फुकट दिला: आधी चूळ भर, हळू फुंक, मग तळहातावर आपटून कोरडा कर. ठेवताना भोकं खाली, म्हणजे माती जात नाही. आणि दुसऱ्याला तोंड लावू देऊ नकोस.

एरवी माझं शहाणपण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. या गड्याने मात्र शब्द न् शब्द पाळला. आठ वर्षांत एक पत्ती बिघडली नाही.

त्याची एकुलती एक लेक मंगली संध्याकाळी चुळीच्या पाण्याचा गडवा घेऊन समोर बसायची.

“बा, मले एकडाव फुकू दे न.”

“पत्त्या खराब होते. मोठी झाली का देईन.”

मग ती सागाचं कोवळं पान ओठांना लावून तोच सूर काढायची. मला मोठं कौतुक वाटायचं. दे रे तिला, असं मात्र मी कधी म्हणालो नाही.

छप्पन सालच्या भादव्यात नऊ वर्षांची मंगली तापाने गेली. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या आवडीची वस्तू मातीत त्याच्याजवळ ठेवतात. सुकरीने लेकीची फणी ठेवली, बांगड्या ठेवल्या. मग नवऱ्याच्या कमरेची पिशवी सोडून बाजा काढला.

“माती ओली हाये, सुकरे,” दसरू पुटपुटला. “पत्त्या खराब होतीन.”

“आता कोनासाठी जपून राह्यले तुमी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मुनशीभाऊ, तुमी सांगा न इले.”

मी मान खाली घातली. माझीच मला शरम वाटली.

दसरूने बाजा घेतला. सवयीने तळहातावर तीनदा आपटला. तो कोरडाच होता. मग खड्ड्यात उतरून त्याने तो मंगलीच्या हाताशी ठेवला, भोकं खाली करून.