अश्लेषाची आकाशातली मालगाडी

मित्रांनो, मी एक जुनी मालगाडी आहे. रूळबीळ शोधू नका, मी आकाशात धावते. आणि हसू नका, वय चारच महिने आहे माझं! आमच्यात तेवढ्यातच म्हातारपण येतं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावर पाणी, जेवण, औषधं पोचवायची, हे माझं काम. माझ्यात माणूस बसत नाही. जपानमधली माणसं खालूनच मला चालवतात.

घडताना माझे भारी लाड झाले. हातमोजे घातल्याशिवाय कुणी बोट लावत नसे. त्यातही अश्लेषाचा माझ्यावर विशेष जीव. पुण्याची ही इंजिनिअर जपानमधल्या इचिकावा गावाहून रोज दोन गाड्या बदलून यायची. इंजिन किती तापलं की आपोआप बंद व्हायचं, तो आकडा ठरवणं तिच्याकडे होतं. आपल्याकडे पाहुणे चार असले तरी भात सहाजणांचा लावतात ना, त्याच सवयीने, इंजिन कधी फार तापू नये म्हणून, तिने तो आकडा थोडा खाली आणला. तिचे साहेब मोरी-सान यांनी तो तिच्याकडे येण्याआधीच खाली आणला होता, तेही काळजीपोटीच. एकमेकांना मात्र दोघांनी विचारलं नाही.

जपानच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरून मी झोकात उडाले. टाळ्या काय, फोटो काय! दुसऱ्या दिवशी स्थानकाकडे चढताना इंजिन जरासं तापलं आणि फटकन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. अहो, मला काही झालेलं नव्हतं, आकडाच दोनदा खाली आला होता! पण सांगणार कशी? इंजिन बिघडलंय असं ठरलं असतं, तर मला सामानासकट जाळून टाकलं असतं. स्थानकावर राहणाऱ्या सातजणांना मग पाणी जपून प्यावं लागलं असतं.

बैठकीत मोरी-सान उठले आणि वाकून म्हणाले की जबाबदारी माझी. तिथे साहेबांनी असं म्हटलं की विषय मिटतो, पुढे कुणी विचारत नाही. अश्लेषाचा नोकरीचा करार मार्चमध्ये संपत होता. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. माझा तर जीव टांगणीला लागला होता.

ती उभी राहिली. "मोरी-सान, इंजिन चांगलं आहे. तो आकडा मी कमी केला, आणि तुम्हाला सांगितलं नाही."

मोरी-सान तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "मीही केला होता. मीही सांगितलं नाही."

दोघांनी शेजारी बसून आकडा दुरुस्त केला. इंजिन सुरू झालं ते झालंच. तिसऱ्या दिवशी स्थानकाच्या यांत्रिक हाताने मला धरलं, तेव्हा अश्लेषा टेबलावर डोकं टेकून रडली. करार वाढला की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझ्या पोटात स्थानकाचा कचरा भरलाय. खाली येताना हवेत जळून जायचं, यासाठीच मला बनवलंय. तरी वाईट वाटतंच. मित्रांनो, मला जपा असं कसं म्हणू, मी उरणारच नाही. एवढंच सांगते, कुणाच्या काळजीपोटी काही कराल, तर शेजारच्याला सांगून करा.

मला खाली आणायची शेवटची आज्ञा अश्लेषानेच द्यायची होती. तिने एकेक आकडा मोठ्याने वाचून मोरी-सानना दाखवला. त्यांनी मान डोलावली. मग तिने बटणावर बोट ठेवलं. घरातून निघालेल्याला आपण 'जा' म्हणत नाही. तिलाही ते म्हणवेना.

"ये हं," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.