तिसऱ्याच जातीचं कुत्रं

जनेलच्या माहेरी लॅब्राडोर आणि सासरी शॉर्टहेअर, शिकारी कुत्र्यांच्या दोन जाती. अमेरिकेतल्या डकोटातल्या त्या गावात असं लग्न जमलं हेच नवल. लूथरन पोरीनं कॅथलिक नवरा केला असता तर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना थोडी कुजबुज झाली असती, इतकंच. कुत्र्यांचं तसं नव्हतं.

तिचे बाबा लीरॉय म्हणायचे, लॅब म्हणजे देवमाणूस. झुडपातला फेझंट पक्षी उडवतो, गोळीनं पाडलेला गार तळ्यातूनही उचलून आणतो आणि घरी येऊन पोराबाळांत लोळतो. सासरे ऑर्विल यांच्या मते ते कुत्रं नव्हे, सोफा. शॉर्टहेअरला वास लागला की तो एक पाय उचलून जागीच थिजतो, मालक पोचेपर्यंत हलत नाही. "याला शिस्त म्हणतात," ऑर्विल ऐकवायचे.

गेल्या वर्षी शिकारीचा हंगाम उघडला त्या दिवशी शॉर्टहेअरनं एक फेझंट शोधला, ऑर्विलनी पाडला आणि लीरॉयच्या लॅबनं धावत जाऊन आणला. आता पक्षी कुणाचा?

"तुम्हीच घ्या," ऑर्विल म्हणाले.

"छे छे, शोधला तुमच्या कुत्र्यानं."

"पण आणला तर तुमच्यानं!"

त्या गावात तीनदा नको म्हटल्याशिवाय कुणी कॉफीसुद्धा घेत नाही. पण चौथ्यांदाही दोघं नकोच म्हणाले आणि प्रत्येकाला वाटलं, समोरचा आपल्याला टोमणा मारतोय. पक्षी कुंपणावर राहिला, कोल्ह्यानं नेला आणि व्याह्यांचं बोलणं बंद झालं. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. फक्त "ठीक आहे." त्या गावात याहून वाईट शब्द नाहीत.

आता जनेलला मुलगी झाली होती, ग्रेटा. हंगाम उघडला की दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तिचा बाप्तिस्मा. दोन्ही आजोबांनी बाळाजवळ शेजारी-शेजारी उभं राहावं, एवढंच जनेलला हवं होतं. नेमकं तेव्हाच नवऱ्याचं म्हातारं कुत्रं गेलं आणि दोन्ही आजोबांनी त्याच्यासाठी आपापल्या आवडीच्या जातीचं एकेक पिल्लू राखून ठेवलं.

"लॅब घेतला तर माझे बाबा चर्चला यायचे नाहीत," तिचा नवरा नोलन म्हणाला.

"आणि शॉर्टहेअर घेतला तर माझे."

"आणि काहीच नाही घेतलं तर?"

"मग तू हंगामभर तोंड पाडून बसशील, आणि ते मला बघवायचं नाही."

शेजारच्या गावातली एक शिक्षिका परगावी निघाली होती. तिला आपली शिकारीला शिकवून तयार केलेली स्प्रिंगर स्पॅनियल कुत्री चांगल्या घरी द्यायची होती. लांब कानांची, तपकिरी-पांढरी टिली. टिलीनं ग्रेटाचा मोजा हुंगला आणि मुकाट्यानं पाळण्याखाली जाऊन पडली. जनेलनं तिथंच ठरवलं. शिकार चार दिवसांची, संसार बारा महिन्यांचा.

घरी परतताना मात्र तिच्या लक्षात आलं. एकाला दुखवायचं टाळता टाळता तिनं दोघांनाही दुखवलं होतं.

हंगाम उघडला. दोन्ही म्हातारे 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत शेताच्या बांधावर येऊन, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. टिलीनं गवतातून एक फेझंट उडवला, नोलननं पाडला, तिनं आणला. काम चोख. पण कानांपासून पोटापर्यंत नुसते गोखरू!

"हे काय कुत्रं आहे?" लीरॉय ओरडले. "झाडू आहे झाडू!"

"तेच म्हणतोय मी," ऑर्विल म्हणाले. "एवढे केस शिकारीला? धरा हो जरा तिला."

लीरॉयनी धरलं. ऑर्विलनी खिशातून कंगवा काढला. नोलनच्या गाडीच्या मागच्या फळीवर दोघं टिलीच्या दोन बाजूंना बसले आणि एकेका कानाला भिडले. टिलीनं आळीपाळीनं दोघांचीही तोंडं चाटली.

"पोरांना अक्कल नाही," ऑर्विल.

"अजिबात नाही," लीरॉय.

नोलननं पडेल आवाजात विचारलं, "मग परत देऊ तिला?"

"खबरदार!" दोघंही एकदम गरजले.

आपल्या बाजूचा कान मोकळा झाल्यावर ऑर्विलनी कंगवा लीरॉयकडे दिला.

"लीरॉय," शेवटी मान वर न करता ऑर्विल म्हणाले, "उद्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा धरा. आमच्या हिला आवरायला उशीर होतो."

"धरतो. पण कुत्र्यांचा विषय नको."

"आपल्या कुत्र्यांचा नको. टिलीवर बोलू की!"

बाळाला घेऊन बांधावर उभ्या असलेल्या जनेलला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.